त्याग, दुःखसहन आणि क्षमा : अजिंठ्याच्या भित्तिचित्रांपासून ‘ख्रिस्तायना’पर्यंत

१. प्रश्नाचे स्वरूप

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या सोयगाव तालुक्यात, अजिंठ्याच्या घाटाखाली, फर्दापूर हे गाव आहे. तेथून सुमारे पाच किलोमीटरवर वाघूर नदीच्या अर्धवर्तुळाकार कड्यात अजिंठ्याची लेणी कोरलेली आहेत. गेल्या दोन शतकांत ही लेणी पाहावयास, त्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करावयास आणि त्यांचा अर्थ लावावयास जे अभ्यासक आले, त्यांपैकी कित्येकांचा मुक्काम फर्दापूरलाच पडत असे. त्यांत ख्रिस्ती संस्कारात वाढलेले युरोपीय पुष्कळ होते. क्रमांक २ च्या लेण्यात, राजाने अवयव छाटले असताही त्याच्यावर न रागावणाऱ्या तपस्व्याची कथा रंगविलेली आहे. ती ऐकून ख्रिस्ती मनाला क्रूसावरून आपल्या मारेकऱ्यांसाठी प्रार्थना करणाऱ्या येशूचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविकच होय.

हे साम्य डोळ्यांत भरण्याजोगे आहे. परंतु साम्य नोंदविले म्हणजे विचार संपला असे होत नाही. सर्व धर्म अखेर एकच गोष्ट सांगतात, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आणि एका धर्माचे तत्त्व दुसऱ्यात असूच शकत नाही, असे म्हणणेही तितकेच सोपे आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला या दोन्हींचा उपयोग नाही. त्याला एखादा असा प्रश्न हवा असतो की, जो दोन्ही परंपरांना सारख्याच काटेकोरपणे विचारता येईल. त्याग, दुःखसहन व क्षमा यांच्या बाबतीत असा प्रश्न पुढीलप्रमाणे मांडता येतो : त्याग करणारा आणि त्या त्यागाची किंमत मोजणारा, हे दोघे एकच असतात काय? आणि ते एक नसतील, तर क्षमा करण्याचा अधिकार कोणाचा?

क्रूसाच्या कथेत त्याग करणारा आणि किंमत मोजणारा एकच आहे. ख्रिस्ती विचाराचे सारे बळ या एकत्वात आहे. परंतु मानवी इतिहासात हे एकत्व क्वचितच आढळते. एकाने केलेल्या त्यागाची झळ दुसऱ्याला लागते आणि पुष्कळदा त्या दुसऱ्याचे नावही मागे उरत नाही. प्रस्तुत लेखात हा प्रश्न प्रथम अजिंठ्याच्या चित्रांना, नंतर पोर्तुगीज काळातील कान्हेरी व गोमंतक येथील दोन प्रकरणांना आणि शेवटी नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांच्या जीवनास व लेखनास लावून पाहिला आहे. मराठी ख्रिस्ती विचारात क्षमेच्या कल्पनेला जी प्रौढता आली, ती हुतात्म्यांच्या गौरवापेक्षा किंमत मोजणाऱ्यांच्या साक्षीतून अधिक आली, असे त्यावरून दिसून येईल.

२. अजिंठा : त्यागाच्या दोन प्रकारच्या कथा

अजिंठ्यातील जातककथांचे दोन वर्ग पाडता येतात. पहिल्या वर्गात बोधिसत्त्व स्वतःचे शरीर देतो. क्रमांक १० हे लेणे ख्रिस्तपूर्व काळातले. त्यात आणि पुढे पाचव्या शतकातील क्रमांक १७ च्या लेण्यात छद्दन्त हत्तीची कथा आली आहे. पूर्वजन्मीची मत्सरग्रस्त पत्नी या जन्मी राणी होऊन छद्दन्ताचे सुळे आणावयास व्याधाला पाठविते. विषारी बाणाने विद्ध झालेला गजराज व्याधाच्या अंगावरील काषायवस्त्र पाहून राग आवरतो आणि सुळे कापण्याच्या कामी त्याला स्वतःच साहाय्य करतो. क्रमांक १ व १७ मधील शिबिराजाची कथा याच वर्गातली. क्रमांक २ मधील क्षान्तिवादीची कथा ही तर या वर्गाचे शिखर होय. त्या चित्राजवळ रंगवून लिहिलेले श्लोक आर्यशूराच्या ‘जातकमाले’तील आहेत, हे हाइनरिख ल्यूडर्स यांनी १९०२ साली दाखवून दिले आणि चित्राची ओळख निश्चित झाली.

पाली जातकाप्रमाणे कथा अशी : काशीचा राजा कलाबू उद्यानात झोपी गेला असता त्याच्या स्त्रिया एका तपस्व्याजवळ जाऊन उपदेश ऐकत बसतात. जागा झालेला राजा संतापून तपस्व्याला विचारतो, तू कोणत्या मताचा? तपस्वी आपण क्षान्तीचा उपदेश करतो असे सांगतो. मग राजा त्याला चाबकाने फोडून काढवितो, त्याचे हातपाय तोडवितो, नाककान कापवितो. आणि दर वेळी तोच प्रश्न विचारतो. क्षान्ती कातडीखाली नसून अंतःकरणात खोल आहे, अशा अर्थाचे उत्तर तपस्वी देतो आणि राजाला दीर्घायुष्य चिंतून प्राण सोडतो. राजा उद्यानाबाहेर पडण्यापूर्वीच धरणी दुभंगून त्याला गिळते.

या शेवटाकडे विशेष लक्ष देणे अवश्य आहे. तपस्व्याने राजाला क्षमा केली. परंतु त्या क्षमेने राजाच्या कर्माच्या हिशेबात काहीच फरक पडला नाही. क्षमा करणाऱ्याची पारमिता पूर्ण झाली आणि अपराध्याचे कर्म आपल्या नियमाने फळले. छद्दन्ताच्या कथेतही कापलेले सुळे पाहताच राणीचे हृदय फुटते. गजराज आणि राणी यांची पुन्हा भेट होत नाही. या कथांतील क्षान्ती क्षमा करणाऱ्याच्या ठायीच पुरी होते. तिला दुसऱ्या पक्षाची अपेक्षा नाही.

दुसऱ्या वर्गातील कथा याहून अवघड आहेत. क्रमांक १७ मध्ये विश्वंतर जातक विस्ताराने चितारले आहे. दानाचे व्रत घेतलेला हा राजपुत्र आपली दोन मुले जूजक नावाच्या ब्राह्मणाला देऊन टाकतो आणि पुढे पत्नी मद्रीचेही दान करतो. येथे त्यागी एक आणि फटके खात वनातून ओढली जाणारी मुले दुसरी. बौद्ध परंपरेला ही अडचण दिसली नाही असे नाही. ‘मिलिंदप्रश्ना’त राजा मिलिंद नागसेनाला नेमके हेच विचारतो की, या दानाला पत्नीची व मुलांची संमती होती काय? पत्नीची होती, पण मुले अजाण असल्याने रडली, असे नागसेनाला मान्य करावे लागते. आपल्या परमोच्च दानकथेविषयी इतका रोकडा प्रश्न धर्मग्रंथातच नोंदविणे, हे त्या परंपरेच्या बौद्धिक प्रामाणिकपणाचे लक्षण म्हणावे लागेल.

क्रमांक १६ मधील एका चित्राला एकोणिसाव्या शतकात ‘मरणोन्मुख राजकन्या’ असे नाव पडले. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांकरवी लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करवून घेणारे जॉन ग्रिफिथ्स यांनी या चित्रातील करुणरसाची तुलना इटलीतील श्रेष्ठ चित्रकारांशी केली. त्या काळी जातके व अवदाने युरोपीय वाचकांपर्यंत पुरेशी पोचलेली नव्हती. चित्रातील दुःख त्यांना दिसले, त्याचे कारण मात्र ठाऊक नव्हते. पुढील संशोधनाने ही स्त्री नंदाची पत्नी सुंदरी असल्याचे दाखविले. बुद्धाचा सावत्र भाऊ नंद भिक्षू झाला, आणि त्याचा मुकुट परत आलेला पाहून ती कोसळली आहे. तिला कोणी मारलेले नाही. पतीच्या त्यागाने ती घायाळ झाली आहे. क्रमांक १७ मध्ये गर्भगृहाजवळच भिक्षापात्र घेऊन उभा असलेला बुद्ध आणि त्याच्यासमोर राहुलाला पुढे करणारी यशोधरा आहे. अजिंठ्याच्या चित्रकारांनी त्यागाचा महिमा गाताना त्याची किंमत मोजणाऱ्यांना भिंतीवरून पुसून टाकले नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

क्रमांक १७ च्या लेखात आणखी एक धागा सापडतो. ते लेणे करविणाऱ्या मांडलिक राजाचा धाकटा भाऊ रविसांब अकाली मरण पावला होता आणि त्या शोकातून तो धर्मकार्याकडे वळला, असे लेखावरून दिसते. विश्वंतर, यशोधरा आणि राहुल यांची चित्रे असलेले हे लेणे स्वतःच एका वियोगदुःखातून उभे राहिले आहे.

३. क्षम् धातू आणि ऋणमुक्ती

ख्रिस्ती उपदेश मराठीत सांगावयाचा झाला तेव्हा ‘क्षमा’ हा शब्द तयारच होता. परंतु त्याचा मूळ भाव वेगळा होता. संस्कृतात क्षम् म्हणजे सहन करणे. कोशांत ‘क्षमा’ हे पृथ्वीचेही नाव आहे, कारण ती सर्व काही सोसते. क्षान्तिवादीच्या कथेत सर्वसहा पृथ्वीलाच राजाचा भार सोसवला नाही, यातील मर्म या अर्थामुळे अधिक उमजते. याउलट ग्रीक शुभवर्तमानांतील शब्दाचा मूळ अर्थ ‘सोडून देणे’, ‘ऋणातून मोकळे करणे’ असा आहे. येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत पाप हे ऋणाच्या रूपानेच आले आहे. सोसण्याला एक माणूस पुरतो. ऋण सोडण्याला धनको आणि ऋणको असे दोघे लागतात. शिवाय सोडलेले ऋण नाहीसे होत नाही. ते धनकोच्या अंगावर पडते. ख्रिस्ती विचारात क्षमा फुकट नाही. क्षमा करणारा अपराध्याची किंमत स्वतः मोजतो, आणि म्हणूनच त्याग व क्षमा हे तेथे एकाच कृतीचे दोन भाग ठरतात.

या दोन अर्थांच्या मधला प्रदेश मराठी संतपरंपरेने व्यापला होता. गीतेच्या तेराव्या अध्यायातील ज्ञानलक्षणांत क्षान्ती आहे आणि ज्ञानेश्वरांनी तिचे विवरण केले आहे. फर्दापूर ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातील पैठणच्या एकनाथांविषयी एक आख्यायिका सर्वतोमुखी आहे. नदीवरून स्नान करून परतणाऱ्या एकनाथांच्या अंगावर एक यवन पुनःपुन्हा थुंकतो, एकनाथ न रागावता पुनःपुन्हा स्नान करतात आणि शेवटी तो यवन पश्चात्तापाने त्यांचे पाय धरतो. क्षान्तिवादीच्या कथेशी या आख्यायिकेचे साम्य उघड आहे. पण शेवट वेगळा आहे. येथे धरणी अपराध्याला गिळीत नाही. अपराधी बदलतो आणि दोघांची भेट होते. मराठीतील ‘क्षमा’ हा शब्द ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या हाती आला तेव्हा तो केवळ सहनशीलतेचा वाचक राहिला नव्हता. संतांनी त्याला दुसऱ्या पक्षापर्यंत आणून पोचविले होते.

४. कान्हेरी : वगळलेली पत्नी

बौद्ध त्यागकथा आणि ख्रिस्ती धर्म यांची गाठ फार पूर्वीच पडली होती, तीही उभयतांच्या नकळत. बुद्धचरित्र मध्य आशियातून, अरबी व जॉर्जियन भाषांतून प्रवास करीत ग्रीक व लॅटिन जगात गेले आणि ‘बार्लाम व जोसाफत’ या नावाने ख्रिस्ती संतकथा बनले. ‘बोधिसत्त्व’ या शब्दाचेच अपभ्रष्ट रूप ‘जोसाफत’ होय. रोमन पंचांगात २७ नोव्हेंबर हा या संताचा दिवस ठरला. गोव्यात राहून पोर्तुगीज सत्तेचा इतिहास लिहिणारा दियोगु दु कोउतु (१५४२–१६१६) याला या साम्याचा संशय आला होता. मुंबईजवळच्या साष्टी बेटावरील कान्हेरीची लेणी संत जोसाफताच्या पित्याने आपल्या पुत्राला जगापासून दूर ठेवण्यासाठी बांधली, अशी तेथील लोकांकडून मिळालेली माहिती त्याने नोंदवून ठेवली आहे. महाराष्ट्रातील बौद्ध लेण्यांकडे ख्रिस्ती दृष्टीने पाहिल्याचा हा एक आरंभीचा पुरावा होय.

या रूपांतरात काय टिकले आणि काय गळाले, हे पाहणे उद्बोधक आहे. राजपुत्र, त्याला कोंडून ठेवणारा पिता, रोगी व वृद्ध यांचे दर्शन, राज्यत्याग, हे सारे टिकले. पित्यापुत्रांचा समेट अधिक ठळक झाला, कारण ख्रिस्ती कथेत राजा अखेर पुत्राचा धर्म स्वीकारतो. गळाली ती यशोधरा. जोसाफत अविवाहित, ब्रह्मचारी आहे. त्याला मागे टाकावयास पत्नी नाही आणि पुत्रही नाही. कथा अधिक निर्मळ झाली, परंतु त्यागाची किंमत मोजणारी व्यक्तीच तीतून नाहीशी झाली. अजिंठ्याच्या भिंतीने जे जपले ते संतचरित्राने वगळले. अशी वगळणूक कथेपुरती राहिली तर ती वाङ्मयीन ठरते. इतिहासात ती झाली की तिला नैतिक स्वरूप येते. याचे उदाहरण कोउतु याच्याच काळात गोमंतकात घडले.

५. कुंकळ्ळी : १५८३

गोव्यातील साष्टी तालुक्यात सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांनी देवळे पाडण्याची मोहीम चालविली होती. कुंकळ्ळी, असोळणा, वेळ्ळी, आंबेली, वेरोडा या गावांनी तिला विरोध केला. १५८३ मध्ये सैन्याने स्वारी करून तेथील देवळे पुन्हा उद्ध्वस्त केली. काही जेसुइट पाद्री अशा स्वाऱ्यांबरोबर होते. त्याच वर्षी २५ जुलै रोजी क्रूस उभारण्यासाठी व देवळाकरिता जागा पाहण्यासाठी कुंकळ्ळीस गेलेल्या पाच जेसुइटांची गावकऱ्यांनी हत्या केली. त्यांचा प्रमुख रुदोल्फो आक्वाव्हिवा हा काही महिन्यांपूर्वीच अकबराच्या दरबारातून परतला होता. बरोबरच्या एका पोर्तुगीजाला बंदूक चालविण्यास पाद्र्यांनी मनाई केली आणि त्यांनी प्रतिकार न करता मृत्यू स्वीकारला, असे ख्रिस्ती चरित्रकार सांगतात. त्यांच्यासह सुमारे चौदा स्थानिक ख्रिस्तीही मारले गेले.

पुढे जे झाले ते या प्रकरणाचा दुसरा अर्धा भाग होय. कुंकळ्ळीच्या गावकरांच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून तेथे त्यांची कत्तल करण्यात आली. मरणाऱ्यांनी प्रतिकार केला नव्हता. त्यांच्या नावाने सूड मात्र घेतला गेला. पाच जेसुइटांना १८९३ साली पोप तेरावे लिओ यांनी ‘धन्य’ घोषित केले. त्यांच्याबरोबर मेलेल्या स्थानिक ख्रिस्ती माणसांचा त्या घोषणेत समावेश झाला नाही. ठार झालेल्या गावप्रमुखांचे स्मारक कुंकळ्ळीत उभे राहावयास २००३ साल उजाडावे लागले. एकाच घटनेत तीन प्रकारची माणसे मेली आणि तिघांच्या स्मृतीला तीन वेगवेगळी मापे लागली.

या प्रसंगी साष्टीत असलेला आणि हत्येनंतर मृतदेह मिळविण्याच्या कामी पुढे झालेला एक जेसुइट पुढे मराठी वाङ्मयात अजरामर झाला. तो म्हणजे इंग्लंडात जन्मलेला फादर थॉमस स्टीफन्स. १५७९ मध्ये तो गोव्यास आला आणि १६१९ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, येथेच राहिला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे ‘पहिले पुराण’ आणि ‘दुसरे पुराण’ असे दोन भाग आहेत. दुसऱ्यात ख्रिस्ताचे जीवन, दुःखसहन व पुनरुत्थान आले आहे. ज्यांची देवळे पाडली गेली आणि जुनी पुराणे हिरावली गेली, अशाच लोकांच्या पुढच्या पिढीसाठी, त्यांच्याच भाषेत व त्यांच्याच ओवीछंदात हे पुराण रचलेले आहे. श्रोत्यांनी आपल्या भाषेत पुराण हवे अशी मागणी करावी आणि पाद्र्याने ती पुरवावी, अशी ग्रंथाची बैठक आहे.

‘क्रिस्तपुराणा’च्या वाङ्मयीन थोरवीविषयी मतभेद नाही. तथापि, त्यातील क्षमेचा उपदेश ऐकणाऱ्या साष्टीच्या श्रोत्याची स्थिती विसरून चालणार नाही. ज्याने नुकसान सोसले त्यालाच क्षमेचा उपदेश, आणि तो उपदेश ज्या सत्तेने नुकसान केले तिच्या छत्राखाली, असा हा प्रसंग आहे. स्टीफन्सची भाषेवरील प्रीती खरी होती, यात शंका नाही. परंतु क्षमा ही बळवंताच्या बाजूने मागता येत नाही, ती सोसणाऱ्याकडूनच यावी लागते, ही अडचण कोणत्याही काव्यगुणाने दूर होत नाही.

ती अडचण दूर करण्याचा मार्ग ग्रंथाबाहेर, लोकांनीच काढला. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्पा येथे नेण्यात आली होती. दर वर्षी फाल्गुनात छत्र्यांच्या उत्सवात देवी मिरवणुकीने आपल्या मूळ गावी येते. गावाच्या बारा वांगडांच्या छत्र्या त्यात असतात आणि हिंदूंबरोबर ख्रिस्ती कुटुंबेही आपल्या मूळ वांगडाच्या नात्याने त्यात भाग घेतात. या उत्सवात कोणी कोणाची औपचारिक क्षमा मागत नाही. तरीही तुटलेले नाते वर्षातून एकदा जुळते. क्षमेला दोन पक्ष लागतात असे वर म्हटले, त्याचे हे उदाहरण कोणत्याही पाठ्यग्रंथापेक्षा अधिक बोलके आहे.

६. टिळक आणि लक्ष्मीबाई

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील धर्मांतराचे स्वरूप बदलले. राज्यसत्तेचा धाक मागे पडला आणि धर्मांतर व्यक्तीच्या विवेकाची बाब बनली. त्यामुळे त्यागाची किंमतही गावाऐवजी घरावर पडू लागली. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीयाने दिलेल्या बायबलावरून त्यांच्या चिंतनाला वळण मिळाले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जात, आप्त, प्रतिष्ठा या सर्वांचा त्यांनी त्याग केला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. ख्रिस्ताला त्यांनी ‘माउली’ केले आणि आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, मिशनची नोकरीही सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यागाची त्यांची ओढ निर्विवाद होती.

परंतु १८९५ च्या त्या दिवसाची किंमत लक्ष्मीबाईंनी (१८६८–१९३६) मोजली. लहान मुलाला घेऊन त्यांना काही वर्षे जलालपूर, नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी आप्तांच्या आश्रयाने काढावी लागली. पती जिवंत असून नसल्यासारखा, आणि समाजाच्या दृष्टीने अवस्था विधवेहून चमत्कारिक, अशी त्यांची स्थिती होती. पुढे त्या पतीजवळ राहावयास गेल्या तेव्हाही आरंभी त्यांनी आपले स्वयंपाकपाणी वेगळे ठेवले. जातीविषयीची दृष्टी त्यांच्या स्वतःच्या विचाराने हळूहळू पालटली आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील सुंदरीशी त्यांची तुलना येथवर पूर्णपणे जुळते. नंदाचा मुकुट घरी यावा तशी टिळकांच्या धर्मांतराची वार्ता त्यांच्यापर्यंत आली होती.

पण सुंदरी बोलत नाही, लक्ष्मीबाई बोलल्या. ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–१९३६) या आत्मचरित्राचे मराठी ख्रिस्ती विचारातील स्थान येथे आहे. त्याचा आरंभच दुसऱ्याच्या प्रायश्चित्ताची झळ सोसणाऱ्या घरापासून होतो. १८५७ च्या धामधुमीत एका आप्ताला झालेल्या फाशीने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर असा आघात झाला की, त्यांना सोवळ्याचे वेड लागले आणि त्यांच्या शुद्धीची शिक्षा सारे घर भोगू लागले. पुढे पतीची विरक्ती, रागीटपणा, घरात काही नसताना दुसऱ्याला देऊन टाकण्याची वृत्ती, न सांगता निघून जाणे, हे सारे त्यांनी लिहिले आहे. काहीही झाकलेले नाही आणि काहीही वसूल केलेले नाही. विश्वंतराची पत्नी मद्री हिने जर आत्मचरित्र लिहिले असते, तर ते असेच असते असे म्हणावयास हरकत नाही.

‘स्मृतिचित्रां’तील विनोदाकडे सामान्यतः शैलीचा गुण म्हणून पाहिले जाते. वस्तुतः तो नैतिक भूमिकेचा भाग आहे. अपराध विसरणे म्हणजे क्षमा नव्हे. जो विसरतो त्याला सोडून देण्याजोगे काही उरत नाही. ऋणाचा प्रत्येक आकडा ध्यानात ठेवून ते सोडणे, हा क्षमेचा मूळ ग्रीक अर्थ वर सांगितला. लक्ष्मीबाई सारे आकडे वाचकासमोर ठेवतात आणि हसून वही मिटतात. दुःख सोसणे हे स्वतःसाठीच पवित्र आहे, असा दावा त्या करीत नाहीत. पतीचा त्याग थोर होता, हेही त्या नाकारीत नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात सांगण्याचे बळ त्यांच्या गद्यात आहे.

या संदर्भात ‘ख्रिस्तायना’ची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. ख्रिस्तचरित्रावर महाकाव्य लिहिण्याचा संकल्प टिळकांनी केला. परंतु आरंभीचे दहा-अकरा अध्याय झाल्यावर त्यांचे निधन झाले. उरलेले चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९३८ साली, ग्रंथ प्रकाशित झाला. साहजिकच ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा आणि क्षमेचा भाग लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आला. कवी म्हणून टिळकांची योग्यता अधिक होती, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, क्रूसाची कथा सांगण्याचा अधिकार त्या घरात ज्याचा अधिक होता, त्याच्याच हातून ती लिहिली गेली.

७. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, अजिंठ्याची क्षान्ती आणि ख्रिस्ती क्षमा या एक नव्हेत. क्षान्ती सोसणाऱ्याच्या ठायी पूर्ण होते, क्षमा अपराध्यापर्यंत पोचावी लागते आणि तिचा खर्च क्षमा करणाऱ्याच्या अंगावर पडतो. मराठीने मात्र या दोहोंना एकच शब्द दिला, आणि संतांच्या आख्यायिकांनी त्या दोहोंमधील अंतर बरेच कमी केले.

दुसरी गोष्ट ही की, दुःखसहनाचा गौरव कोण करतो यावर त्या गौरवाची सत्यता अवलंबून असते. स्वतःच्या देहाचे दान करणारा शिबी आणि मुलांचे दान करणारा विश्वंतर यांना एकाच ओळीत बसविता येत नाही, हे ‘मिलिंदप्रश्ना’च्या कर्त्याला कळले होते. कुंकळ्ळीतही मृत्यू पत्करणारे पाद्री, त्यांच्याबरोबर मेलेले अनाम ख्रिस्ती आणि असोळण्यात दग्याने मारलेले गावप्रमुख या तिघांचा हिशेब वेगवेगळा ठेवूनच त्या वर्षाचा इतिहास लिहिता येईल.

तिसरी गोष्ट संशोधनाच्या दिशेसंबंधी आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा अभ्यास आजवर बहुधा स्टीफन्सची भाषा, टिळकांचे काव्य आणि धर्मांतराची कारणे यांभोवती फिरत आला आहे. त्याग करणाऱ्यांनी मागे ठेवलेल्या माणसांची साक्ष, म्हणजे पत्नी, आईबाप, भावंडे, गाव यांची साक्ष, हे त्या अभ्यासाचे स्वतंत्र साधन मानले पाहिजे. मिशनच्या दप्तरांत, कौटुंबिक पत्रांत आणि लोकोत्सवांत ती विखुरलेली आहे. अजिंठ्याच्या चित्रकारांनी पंधरा शतकांपूर्वी सुंदरीला आणि यशोधरेला भिंतीवर जागा दिली. इतिहासलेखनाने निदान तेवढी जागा अशा साक्षींना देणे उचित होय.